कळकलेला काढा

काचेच्या पट्टीवर दोन थेंब पडले. दोन्ही एकाच पाल्याच्या काढ्याचे, रंगाने जवळजवळ सारखे, वासानेही सारखेच. पहिल्या थेंबाखालचा नारिंगी उजेड हळूहळू मंदावला आणि विझला. दुसऱ्या थेंबाखालचा मात्र भडकला.

रुंजीने भिंगावरून डोळा काढला, चोळला आणि पुन्हा लावला. दुसरीकडचा उजेड आता इतका वाढला होता, की त्याच्या मधोमध काळे ठिपके दिसू लागले होते. ते ठिपके म्हणजे मेलेल्या पेशी होत्या, आणि त्या पेशी तिच्या बाबांच्या होत्या.

"पहिला थेंब मी इथे केलेल्या काढ्याचा," कंपाउंडर म्हणाला. "दुसरा तुमच्या घरून आणलेल्या काढ्याचा. पाला एकाच वाफ्यातला आहे, रुंजीताई. एकाने पेशी वाचतात आणि दुसऱ्याने मरतात, हे कसं, ते मला ठाऊक नाही."

आता हा कंपाउंडर कोण, ते सांगायला हवं. तो माणूस नव्हता. मोडवस्तीच्या आरोग्यघरात भिंतीवरच्या रुळावरून इकडून तिकडे सरकणारा एकहाती यंत्रमानव होता. दुसरा हात कधीतरी दुरुस्तीला गेला, तो गेलाच. पूर्वी या दवाखान्यात बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून औषध देणारा खराखुरा कंपाउंडर होता, म्हणून लोक यालाही तेच म्हणू लागले. लहान-थोर सगळ्यांना तो अहो-जाहो करायचा. रुंजी सातवीत होती, तरी त्याच्या लेखी ती रुंजीताईच.

खरे डॉक्टर शहरात होते. पडद्यावर यायचे, भराभर बोलायचे आणि दिसेनासे व्हायचे.

मोडवस्तीत उजेडाची तशी वानवाच होती. देशभरातल्या म्हाताऱ्या विजेच्या गाड्या मोडायला तिथे येत, म्हणून वस्तीला हे नाव. आभाळ राखेच्या रंगाचं असायचं आणि भर दुपारी दिवे लावावे लागत. तिथली माणसं खोकत कामाला जात आणि खोकत परत येत. कोणाचे डोळे पिवळे दिसले, तरी शेजारी त्याबद्दल बोलत नसत. बोललं की कामावरून घरी बसवतील, ही धास्ती सगळ्यांनाच होती.

रुंजीचे बाबा, शार्दूल वडके, पिढीजात तांबट. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने एकसारखे ठोके देत त्याला चकाकते खवले पाडायचे, या कामाला मठारकाम म्हणतात. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण तांब्याच्या भांड्यात आता स्वयंपाक कोण करतो? लोक ती शोभेला ठेवत, कोणी त्यात दिवा लावत. त्यावर पोट भरेना, तेव्हा बाबा मोडशेडमध्ये जाऊ लागले. तिथेही गाठ तांब्याशीच. गाडीच्या मोटारीत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, आणि तारेवर वार्निशचा पातळ पापुद्रा. तो निघावा म्हणून गुंडाळ्या एका उघड्या टाक्यातल्या उग्र द्रावणात बुडवत. बाबा त्या टाक्यावर वाकून काम करायचे.

एक दिवस आत्याने त्यांना दारातच थांबवलं. "दादा, उजेडात ये बघू," ती म्हणाली. तिने त्यांची पापणी ओढून पाहिली आणि मटकन खालीच बसली. रुंजीची आई रुंजी लहान असतानाच गेली होती. घरात ही तिघंच. त्यातलं एक माणूस आता हळदीसारखं पिवळं पडत चाललं होतं.

तेव्हाच कंपाउंडरने बाबांच्या यकृताचा (म्हणजे उजव्या बरगड्यांखाली असलेल्या लिव्हरचा) सुईच्या टोकावर मावेल एवढा नमुना घेतला आणि त्यातल्या पेशी काचेच्या पट्टीवर वाढवल्या. अशा पट्टीला यकृतपट्टी म्हणत. शरीराबाहेर ठेवलेला यकृताचा तो जिवंत कण. औषध आधी त्याच्यावर पाहायचं आणि मग माणसाला द्यायचं. रुंजी त्या पट्टीला 'काचेतले बाबा' म्हणायची. शाळा सुटली की ती आधी काचेतल्या बाबांना भेटायची आणि मग घरी जायची.

"पण बाबांनी तर टाक्याची नुसती वाफ घेतली," तिने पहिल्याच भेटीत विचारलं होतं. "ती नाकात जाईल, फार तर छातीत जाईल. यकृताचा काय संबंध?"

"वाफ फुप्फुसातून रक्तात जाते आणि रक्त यकृतात जातं," कंपाउंडर म्हणाला. "शरीरात आलेलं परकं रसायन मोडून बाहेर काढणं हे यकृताचं काम. म्हणजे ती वस्तीतली मोडशेडच समजा. पण हे द्रावण मोडताना त्याचे फार वाईट तुकडे होतात. त्यांना मुक्त मूलक म्हणतात. मंगल कार्यालयाच्या दारातल्या चपला पाहिल्या आहेत का तुम्ही?"

"चपलांचं काय मधेच?"

"डॉक्टरांनी मला हे चपलांवरूनच शिकवलं आहे. प्रत्येक रेणूत इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि त्यांना जोडीने राहायला आवडतं, चपलांसारखं. मुक्त मूलक म्हणजे एक चप्पल हरवलेला पाहुणा. तो काय करतो? शेजारच्या जोडातली एक पळवतो. आता तो शेजारी एका चपलेचा झाला. तो पुढच्याची पळवतो, पुढचा त्याच्या पुढच्याची. दारात नुसती पळापळ होते. यकृतातही अशीच पळवापळवी सुरू होते, आणि तिथे फाटतं ते पेशीचं आवरण."

रुंजीला हसू आलं होतं. कंपाउंडर हसला नाही. त्याला हसता येत नसे.

"एवढ्यावर थांबत नाही. यकृतात राखणदार पेशी असतात. पेशी फाटताना दिसल्या की त्यांना वाटतं, जंतू आले. त्या मदतीला आणखी पेशी बोलावतात आणि जंतू मारायला मुक्त मूलकांचाच मारा करतात. जंतू तर नसतातच. मार खातात घरच्याच पेशी. याला दाह (म्हणजे आतून येणारी सूज आणि जळजळ) म्हणतात. दाह फार दिवस राहिला, तर मऊ यकृताच्या जागी चिवट धागे तयार होतात. तो भाग मग काम करत नाही."

"आणि सगळंच यकृत तसं झालं तर?"

"मग माणूस जगत नाही," कंपाउंडर म्हणाला.

त्याला शब्द फिरवून सांगायला कोणी शिकवलं नव्हतं. रुंजी त्या दिवशी घरी गेली ती थेट गोधडीत शिरली.

डॉक्टरांनी बाबांचं टाक्यावर जाणं बंद केलं. सगळ्यात मोठं औषध तेच, असं ते म्हणाले. जोडीला भुईआवळीच्या अर्काची कुपी द्यायची होती, पण शहरातून येणारी औषधांची पेटी त्या मोसमात आलीच नाही. भुईआवळी म्हणजे आवळ्याचं झाड नव्हे. वीतभर उंचीचं, पानांखाली मोहरीएवढी फळं लपवणारं ते तण. आरोग्यघराच्या मागे दिव्याखालच्या वाफ्यांत कंपाउंडर ते वाढवायचा. पेटी येईपर्यंत यकृतपट्टीवर पाहून, मोजून दिलेल्या पाल्याचा काढा चालेल, असं ठरलं.

"या तणात असं आहे तरी काय?" रुंजीने विचारलं होतं.

"अँटिऑक्सिडंट (म्हणजे ही पळवापळवी थांबवणारे पदार्थ). झाडाला पाय नसतात, रुंजीताई. ऊन तापलं तर सावलीत जाता येत नाही, किडा आला तर पळता येत नाही. कडक उन्हानेही पानात मुक्त मूलक तयार होतात. म्हणून झाड स्वतःसाठी हे पदार्थ बनवतं. आपल्यासाठी नाही. आपण ते उसने घेतो."

"आणि ते करतात काय?"

"चपलांच्या रांगेत एक जण असा येतो, की ज्याची चप्पल पळवली तरी तो दुसऱ्याची पळवत नाही. तो म्हणतो, घेऊन जा, मी अनवाणी जाईन. साखळी तिथेच तुटते. मात्र पट्टीवर जे दिसतं ते माणसात तेवढंच दिसेल, अशी खात्री अजून कोणी दिलेली नाही. आणि कोणीही आपल्या मनाने असले काढे घेऊ नयेत."

पट्टीतल्या पेशींना असा एक रंग दिलेला होता, की मुक्त मूलक वाढले की तो नारिंगी पेटायचा. कंपाउंडरच्या काढ्याचा थेंब पडला की काचेतले बाबा शांत काळोखात जायचे. आयुष्यात पहिल्यांदाच काळोख बघून रुंजीला बरं वाटत होतं.

आणि तरीही घरातले बाबा खालावत गेले. पायावर सूज चढली, अंगाला कंड सुटली, बोलता बोलता ते वाक्य अर्धं सोडू लागले. रुंजी डोळ्यांत तेल घालून काढा करायची, एक वेळ चुकवायची नाही. काढा पोटात जात होता आणि बाबा हातातून निसटत होते. शेवटी कंपाउंडर म्हणाला, "ते जो काढा पितात, तोच घेऊन या." आणि मग तो दुसरा थेंब पडला.

* * *

"पाल्यात दुसरं काही मिसळलं असेल," रुंजी म्हणाली.

कंपाउंडरने घरून आणलेला उरलासुरला पाला दिव्याखाली पसरला. पानन् पान भुईआवळीचं निघालं. मग त्याने घरचं पाणी तपासलं. पाणी आरोग्यघरात यायचं त्याच टाकीतलं होतं. त्या पाण्यात त्याने स्वतः काढा उकळला आणि थेंब सोडला. उजेड निमूट विझला.

"पाला तोच, पाणी तेच," तो म्हणाला. "तुम्ही काढा कशात उकळता?"

हा प्रश्न त्याने आजवर विचारलाच नव्हता. त्याला शिकवणाऱ्यांच्या घरी सगळी भांडी स्टीलची नाहीतर काचेची. भांडं विचारायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसावं.

"बाबांनी केलेल्या तपेलीत," रुंजी म्हणाली, आणि तशाही स्थितीत तिची मान जरा ताठ झाली. "त्यांनीच सांगितलं. औषध उकळायचं तर तांब्यातच, असं ते म्हणाले. अशी तपेली तू जन्मात पाहिली नसशील."

तपेली आली. खरोखरच देखणी होती. ठोका न् ठोका मोजून मारल्यासारखा, आणि आतूनही तितकीच लखलखीत तांबडी.

कंपाउंडरने तिच्यात काढा उकळला. थेंब पडला. उजेड विझायला जरा जास्त वेळ लागला, पण विझला.

"तपेलीचा दोष नाहीच मुळी!" रुंजी ओरडली. तिला इतकं हायसं वाटलं, की ती जागच्या जागी उडी मारणार होती.

"थोडा आहे, पण एवढ्याने पेशी मरणार नाहीत," कंपाउंडर म्हणाला. "रुंजीताई, तुम्ही काढ्यात आणखी काही घालता का?"

रुंजीची उडी पायातच राहिली.

घालत होती. बाबांना काढा कडू लागायचा. पहिल्या दिवशी तो त्यांनी ओकून टाकला होता. त्यांचं ते वाकणं आणि त्यानंतरचं ओशाळं हसणं तिला पाहवलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवसापासून ती चार आमसुलं टाकायची आणि ती चांगली उतरावीत म्हणून काढा संध्याकाळपासून सकाळपर्यंत तपेलीतच ठेवायची. बाबांना सांगितलं नव्हतं, आत्यालाही नाही. आजारी माणसाला कळू न देता केलेली ती एक छोटीशी माया होती.

"आमसूल," ती पुटपुटली.

कंपाउंडरने तपेलीत आमसुलं टाकून काढा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून रुंजी हजर. त्याने तो काढा एका नळीत घेतला आणि त्यात पारखायचं द्रावण टाकलं. काढा तळापासून गर्द निळा झाला. पुढचा थेंब पट्टीवर कसा भडकला, ते तिने भिंगातून पाहिलंच नाही. पाहायची गरज नव्हती.

"निळा रंग तांब्याचा," कंपाउंडर सांगू लागला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि तेच तिला जास्त लागत होतं. "आंबट पदार्थ तांब्याला विरघळवतो. म्हणून पूर्वी आतून कल्हई (म्हणजे कथलाचा पांढरा मुलामा) करायचे. तिच्यामुळे अन्न आणि तांबं एकमेकांना शिवत नसत. या तपेलीला कल्हई नाही, कारण ती शोभेची आहे. अशा भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं."

"पण तांबं तर अंगाला लागतं ना? बाबा म्हणतात."

"कणभर लागतंच. जास्त झालेलं तांबं यकृतच पित्तावाटे बाहेर टाकतं. पण सुजलेल्या यकृताला ते जमत नाही, मग ते साचतं. आणि साचलेलं तांबं कळ लावतं. तो अनवाणी जाणारा भला माणूस आठवतो? तांबं त्याच्याकडून चप्पल मागून घेतं आणि नेऊन ऑक्सिजनच्या हातात देतं. त्यातून नवे मुक्त मूलक जन्मतात, पहिल्यापेक्षा भयंकर. तांबं पुन्हा रिकाम्या हाताने भल्या माणसाकडे येतं, पुन्हा मागतं. देणारे जितके जास्त, तितकी आग जास्त. पळापळ थांबवायला पाठवलेली माणसंच तिला पुरवठा करत बसतात."

रुंजी बाकावर बसून राहिली. बाबांना मारत होती ती वाफ नव्हे, आपण, हा विचार तिच्या मनातून हलेना. सकाळ-संध्याकाळ, चमच्याने, तोंड पुसून तिने त्यांना हे पाजलं होतं.

"भांडं मी विचारलं नाही," कंपाउंडर म्हणाला. "चूक माझीही आहे."

"तुला काय फरक पडतो?" ती किंचाळली. "तुझे कुठे बाबा आहेत?"

कंपाउंडर रुळावरून थोडा मागे सरकला. त्यावर काय बोलावं, हेही त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

डॉक्टर पडद्यावर आले, आणि या वेळी भराभर बोलले नाहीत. काढा ताबडतोब बंद, असं त्यांनी सांगितलं. तांब्याला चिमट्यात धरावं तसं धरून लघवीवाटे बाहेर नेणारं औषध असतं, ते निकडीसाठी राखलेल्या उडत्या पेटीने त्याच दिवशी निघेल, म्हणाले. "बाळ, झाडपाल्याचं आहे म्हणजे अपाय होणारच नाही, असं नसतं. किती, कशात, कोणाला, हे विचारावंच लागतं. आम्हीही विचारलं नाही. आता किती यकृत वाचेल ते मात्र थोड्या दिवसांनीच कळेल." जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं: "बाबांना तूच सांग. कशाने झालं ते कळलं नाही, तर ते पुन्हा त्याच तपेलीतलं पाणी पितील."

* * *

बाबा भिंतीला टेकून बसले होते. चेहरा ओळखू येऊ नये इतका उतरलेला, डोळे पिवळेजर्द. आत्या त्यांच्या पायाला तेल लावत होती. रुंजीने उंबऱ्यातूनच सांगायला सुरुवात केली, कारण जवळ गेलं की आपल्याच्याने बोलवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आमसुलाचं तेवढं तिच्या तोंडून निघेना.

"तांबं?" बाबांच्या आवाजात एकदम जुनी धार आली. "तांब्याने झालं म्हणतेस? माझ्या तोंडावर? अगं, पिढ्यान्‌पिढ्या आम्ही तांब्यावर जगलो. जग उशाशी तांब्याचा लोटा घेऊन निजतं. कोणी सांगितलं तुला हे? त्या एकहाती डब्याने?"

"दादा, चिडू नकोस रे," आत्या म्हणाली.

"चिडू नको तर काय करू? काढा कडू असतो. कडू कधी कळकत नाही. कळकतं ते आंबट. हे आमच्यात पाळण्यातल्या पोरालाही..."

ते मधेच थांबले. त्यांनी रुंजीकडे पाहिलं.

"आंबट काय घातलंस?"

"आमसूल," रुंजी म्हणाली. "तुम्हाला कडू लागत होतं म्हणून."

बाबांनी डोळे मिटले. तोंडाला चवच राहिली नव्हती, त्यामुळे आंबट काय आणि कळकलेलं काय, त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनी आमसूल पाहिलं असतं, तर तपेली तिथल्या तिथे उपडी केली असती. तिने कल्हईबद्दल ऐकलं असतं, तर आमसुलाला हात लावला नसता. दोघांनाही अर्धं अर्धं माहीत होतं, आणि दोघांनी ते एकमेकांना सांगितलं नव्हतं.

"विचारायचं होतंस गं मला," ते म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यांनी हात उगारला असता तर बरं झालं असतं, असं रुंजीला वाटलं. ती परसात गेली आणि तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडली. आत्या तिला शोधत आली आणि शेजारी बसून राहिली.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. पेटी आली, औषध सुरू झालं. बाबा नुसते झोपत. जागे असले तरी बोलत नसत. वस्तीवर धुरकं इतकं खाली आलं होतं, की समोरच्या घराचा दिवाही विझल्यासारखा दिसायचा. रुंजीला वाटायचं, बाबा आपल्यावर रागावूनच जाणार. ती आरोग्यघरात जायची, पण भिंगाला डोळा लावायची नाही.

"पाहा तरी," एकदा कंपाउंडर म्हणाला. "या पेशी तुमच्या बाबांच्या आजच्या रक्तावर वाढवलेल्या आहेत."

तिने पाहिलं. पट्टीचा एक कोपरा कायमचा मेला होता. तिथे चिवट धाग्यांची जाळी झाली होती आणि ती आता जाणार नव्हती. पण उजेड खूप मंदावला होता आणि जाळीच्या कडेला एक पेशी मधोमध आवळत चालली होती. रुंजी श्वास रोखून पाहत राहिली. पेशी आवळली, आणखी आवळली आणि एकीच्या दोन झाल्या.

"यकृताला हे येतं," कंपाउंडर म्हणाला. "थोडं शिल्लक असलं आणि त्रास थांबला, तर ते स्वतःला पुन्हा वाढवतं. पूर्वीसारखं होईल असं नाही. पण जगण्यापुरतं होईल."

"हे मला शिकव," रुंजी म्हणाली. "पट्टी कशी वाढवायची, थेंब कसा सोडायचा, सगळं."

* * *

बाबा काठी टेकत पहिल्यांदा घराबाहेर पडले, ते थेट आरोग्यघराकडेच निघाले. रुंजीचा आधार त्यांनी घेतला खरा, पण वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

आरोग्यघरासमोर त्या दिवशी रांग होती आणि कंपाउंडर रुळावरून दारापर्यंत येऊन एकेकाला आत घेत होता. बाबांच्या आजाराबद्दल ऐकून मोडशेडमधले लोक शेवटी तपासून घ्यायला आले होते. बरेचसे दाराशी येऊन माघारी वळायच्या बेतात होते. सगळ्यांत पुढे उभे असलेले सर्जेराव बाबांबरोबर त्याच टाक्यावर काम करायचे. त्यांचेही डोळे आता पिवळसर झाले होते.

बाबा पायरीवर बसले. त्यांनी दम घेतला.

"टाक्याच्या वाफेनं होतंय हे," ते म्हणाले. "आज ना उद्या सगळ्यांना होणार. टाक्याला झाकण आणि वर धुराडं बसल्याशिवाय कोणी गुंडाळी बुडवायची नाही. आपण सगळे मिळून सांगितलं तर बसवतील. मी येतो सांगायला, उचलून नेलंत तरी येतो."

मग मागून एकाने मान हलवली, आणखी एकाने हलवली.

"आन् वडके," सर्जेरावांनी विचारलं, "तुमी तर त्या पाल्याच्या काढ्यानं जास्तच बिघडला म्हनं. आमची मंडळी बी काढा उकळाया बसलीया घरी. पाल्यात खोट हाय काय?"

रुंजीचे कान तापले. आता हे सगळे आपल्याकडे वळून बघणार, आणि जन्मभर बघत राहणार. तिने मान खाली घातली.

"पाल्यात खोट नाही," बाबा म्हणाले. "पण तोही याला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. खोट माझ्यात होती. तपेली माझी, कल्हई न केलेली, आणि आमसूल मीच टाकलं त्यात. पोरगी नको म्हणत होती. तांबटाच्या पोटी जन्मून मी आंबट तांब्यात ठेवलं, सर्जेराव. तुम्ही ठेवू नका."

रुंजीने झटकन वर पाहिलं. तिने तोंड उघडलं, पण बाबांचा सुजरा हात तिच्या मनगटावर होता, आणि तो घट्ट आवळला गेला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते रांगेकडेच पाहत होते.

सर्जेरावांना काही पटलेलं दिसलं नाही. "तुमी? आन् आंबट?" ते म्हणाले. दारातल्या यंत्राला खोटं बोलता येत नाही, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. त्यांनी त्यालाच विचारलं, "काय रं कंपाउंडर, खरं हाय का हे?"

कंपाउंडर रुळावर जागच्या जागी थांबला. त्याच्या आत कुठेतरी बराच वेळ काहीतरी घरघरत राहिलं. रुंजीच्या मनगटावरची पकड सैल झाली नव्हती.

"पुढचं कोण?" कंपाउंडर म्हणाला. "सर्जेराव, आपणच ना? या, बाही वर करा. आणि घरी काढा कशात उकळता, ते आधी सांगा."